स्तामेनाबाईंचं वाक्य

क्राल्येवो, ९ मार्च २००४

प्रिय ग्वोज्देन,

तू जिवंत आहेस असं काल कळलं. फार आनंद झाला, आणि आनंदाहून मोठी पंचाईत झाली. कारण क्राल्येवोत अकरा झाडांवर, दोन दिव्यांच्या खांबांवर आणि बेकरीच्या दारावर काळ्या चौकटीत तुझा फोटो लागलाय, खाली तुझ्या निधनाची बातमी आहे, आणि ती मी लावली आहे.

आधी ऐकून घे, मग शिव्या दे.

जानेवारीत तुझ्या गावाकडे गेलो होतो, एका म्हाताऱ्याच्या कानात यंत्र बसवायला. (हो, आता माझं श्रवणयंत्रांचं दुकान आहे. क्राल्येवोत ज्याला ऐकू येत नाही तो माझ्याकडे येतो, आणि ज्याला बायकोचं ऐकायचं नसतं तो यंत्र परत करायला येतो.) परतताना स्मशानाच्या कुंपणाशी थांबलो. तुमच्या घराण्याच्या जागेवर नवा काळा दगड. त्यावर तुझा फोटो, तोच, दाढीचा. समोर ताजी फुलं, राकिया दारूचा पेला, पेल्यावर आडवी ठेवलेली सिगरेट. आता तूच सांग, माणसानं काय समजायचं?

जिवंतपणीच दगडावर नाव कोरून ठेवायची आपली रीत मला माहीत नाही असं नाही. माझंही नाव कोरलेलं आहे, बायकोच्या, दोब्रिलाच्या नावाशेजारी, मरणाच्या सालाची जागा रिकामी. पण ती रिकामी जागा दिसायला डोळे लागतात. माझे कान अर्ध्या देशाला ठाऊक होते. डोळ्यांचं काय झालंय ते फक्त दोब्रिलाला ठाऊक. फुलं तुझ्या मेव्हण्यासाठी होती म्हणे. विदोसावानं नवऱ्याच्या दगडावर स्वतःला आणि तुलाही कोरून घेतलं, स्वीडनच्या थंड मातीत भाऊ एकटा पडू नये म्हणून. तिच्या दारावर जाऊन विचारायला हवं होतं. पण ती एकाहत्तर सालापासून माझ्याशी बोलत नाही, हे तू जाणतोसच.

त्या दिवसापासून मोजून चाळिसाव्याचं जेवणही घातलं. उपासाचे दिवस, म्हणून मांस नाही. भाजलेला घेवडा आणि मासे. सगळ्यांनी पहिला घोट तुझ्या नावानं जमिनीवर सांडला. दोब्रिला म्हणाली, "जिवंत होता तेव्हा एक पोस्टकार्ड टाकलं नाहीस, मेल्यावर गाव जेवू घालतोयस."

आणि काल बेलग्रेडहून, चित्रपटांच्या संग्रहालयातून, इस्क्रा नावाच्या मुलीचा फोन. म्हणाली, "काका, ग्वोज्देन स्तानिशिच यांचा 'नवं सभागृह' आम्ही स्वच्छ करून ऑक्टोबरमध्ये दाखवणार आहोत. पण ते परवानगी देत नाहीत."

"बाळ, ते परवानगी कशी देणार? त्यांना जाऊन त्रेचाळीस दिवस झाले."

"परवा तर फोनवर माझ्या अंगावर ओरडले."

"काय ओरडले?"

"म्हणाले, माझ्या चित्रपटात एका बाईच्या तोंडात टाळ्या कोंबल्या आहेत. तिचं वाक्य परत येत नाही तोवर दाखवायचा नाही. वाक्य कुठे गेलं ते ज्यानं कापलं त्याला विचारा."

तेव्हा माझी खात्री पटली. हा मेलेला नाही.

ग्वोज्देन, तेहेतीस वर्षं तुला लिहायचं होतं. मेलेल्या माणसाला बोलणं सोपं गेलं. त्या चाळीस दिवसांत दुकानात एकटा असलो की तुझ्याशी भरपूर बोललो. आता तू जिवंत, आणि माझी जीभ परत जड. तरी लिहितोय. उत्तर दे. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा,
ओब्राद तेशिच


क्राल्येवो, ५ एप्रिल २००४

प्रिय ग्वोज्देन,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. समुद्राचं चित्र आणि तीन तक्रारी. क्रमानं उत्तर देतो.

"शांतपणे निधन झाले" असं लिहायला नको होतं, कारण तू कुठलीच गोष्ट शांतपणे करत नाहीस: मान्य. छापखान्यात तेवढंच वाक्य तयार असतं.

फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा आहे: माझ्याकडे तोच आहे.

"शोकाकुल बंधू ओब्राद" ही सही कुठल्या हक्कानं केली: याचं उत्तर तयार नाही. छापखान्यातल्या बाईनं विचारलं, "आपलं मृताशी नातं?" मी म्हणालो, "आम्ही बोलत नाही." ती म्हणाली, "मग भाऊच असणार," आणि लिहून मोकळी झाली.

पत्रकं उतरवली. बेकरीवाल्यानं मात्र उतरवू दिलं नाही. म्हणतो, असू दे, असा देखणा माणूस दारावर असला की गिऱ्हाईक थांबतं.

तू मला भाऊ समजत नाहीस, नको समजू. पण कोळसे पाडणाऱ्याचा पोरगा होतो मी, लापोवोच्या स्टेशनात गाड्यांच्या चाकांवर हातोडी मारत फिरायचो. टण्ण वाजलं तर चाक धड, ठप्प वाजलं तर तडा. तू सिगरेट ओढत उभा होतास. मी सातव्या डब्याचं चाक काढायला लावलं, इंजिनवाला माझ्या आईचा उद्धार करत होता, आणि तडा निघाला. तू म्हणालास, "तुला माणसांमधला तडा ऐकू येतो का?" मी म्हणालो, "पगार किती?" पुढची सात वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. कारखाने, वीटभट्ट्या, कामगारांच्या खोल्या. तू त्यांचे चेहरे घेतलेस, मी त्यांचे आवाज घेतले. वरचे लोक म्हणायचे, हा स्तानिशिच देशाची घाण दाखवतो. तू म्हणायचास, देश धुवा, मग मी धुतलेला दाखवतो.

आता कामाचं. तू इस्क्राला सांगितलंस की ते वाक्य जगातून गेलं, आणि माझ्या हातून गेलं.

ग्वोज्देन, गेलेलं नाही. चित्रपटातून कापलं ते खरं, मीच कापलं. पण सभागृहात घेतलेली मूळ फीत माझ्याकडे आहे. तळघरात, मिरचीच्या चटणीच्या बरण्यांमागे, जिथे ऊन नाही की ओल नाही. दर वर्षी काढतो, उलटी-सुलटी गुंडाळतो, म्हणजे चिकटत नाही. ऐकत नाही. फक्त गुंडाळतो.

ओब्राद


क्राल्येवो, १२ मे २००४

ग्वोज्देन,

या खेपेला पोस्टकार्ड नाही, चार पानं. म्हणजे राग खरा आहे. "आठ दिवसांत फीत संग्रहालयात पोहोचव, नाहीतर तू तोच आहेस जो मी तुला तेहेतीस वर्षं समजत आलोय: भेकड, सेन्सॉर समितीचा कान." वाचलं. दोब्रिलालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर अजून छान आहे त्याचं."

फीत मी पाठवणार नाही. अजून नाही. तुझ्या रागाला घाबरून नाही आणि समितीला घाबरून तर नाहीच. समितीतले सगळे आपापल्या दगडाखाली गेले, त्यांच्या सालांची जागा भरली.

मी एका माणसाला शब्द दिलाय. त्या माणसाला विचारल्याशिवाय तुला काही सांगता येत नाही. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सुवोदोलला जातोय. तोवर मला भेकडच समज. सवय आहे.

ओब्राद


क्राल्येवो, २४ मे २००४

प्रिय ग्वोज्देन,

काल सुवोदोलला जाऊन आलो. स्तामेनाबाई जिवंत आहेत, सत्त्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी मला शब्दातून मोकळं केलं. आता सांगतो. सिगरेट सोडली नसशील तर एक पेटव.

आपण काय केलं होतं ते आधी आठव. ज्या सुवोदोलला लोक पाणी तीन किलोमीटरवरून आणायचे, तिथं सरकारनं सांस्कृतिक सभागृह बांधलं. मखमली पडदा, रंगमंच, चारशे खुर्च्या. उद्घाटनाला मोठे लोक. तू कॅमेरा वर सज्जात लपवलास. मी दारापाशी, पाहुण्यांच्या वहीशेजारी जी फुलदाणी होती, तिच्यात मायक्रोफोन खोचला. त्या फुलदाणीजवळ सभागृहाची झाडलोट करणारी स्तामेना उभी होती. पुढारी बोलले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. आणि शेजारणीकडे झुकून म्हणाली, "हात धुवायला पाणी नाही ना गं, म्हणून वाजवायच्या. तेवढीच धूळ झडते."

तू हे ऐकलंस तेव्हा मला मिठी मारलीस. म्हणालास, "ओब्राद, आपण सात वर्षं जे सांगतोय ते या बाईनं एका दमात सांगितलं." खरंच होतं ते.

पण ती कुणाला म्हणाली होती, ग्वोज्देन? शेजारणीला. आपल्याला नाही.

तू केक घेऊन तिच्याकडे गेलास. "स्तामेना, तू माझ्या चित्रपटाची नायिका आहेस!" तुझा आनंद खोटा नव्हता. तिनं केक ठेवून घेतला. आणि समितीला चित्रपट दाखवायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, भर दुपारी ती स्टुडिओच्या दारात उभी. हातात चीजचा गोळा, फडक्यात आक्रोड.

"तुम्हीच ना ते आवाजवाले?"

"मीच."

"माझा आवाज काढा."

मी म्हणालो, "बाई, दिग्दर्शकांशी बोला."

"त्यांच्याशी नाही. ते असे बघतात आणि असे बोलतात की माणूस 'हो' म्हणून बसतो. घरी गेल्यावर कळतं कशाला 'हो' म्हटलं ते. माझा मिलोये लष्करी शाळेत आहे. सतरा वर्षांचा. त्याची आई पुढाऱ्यांची टिंगल करते हे पडद्यावर दिसलं तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. चेहरा राहू दे. मला तोंड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आवाज काढा. आणि त्यांना सांगू नका मी आले होते. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. तिचं वाक्य काढलं आणि त्या जागी त्याच समारंभातल्या टाळ्या लावल्या. शुक्रवारी दिवे गेले, तिचे ओठ हलले आणि टाळ्या ऐकू आल्या. तू समितीसमोर उभा राहून ओरडलास, "ओब्राद, या बाईचा आवाज कुठे आहे?" मी खाली बघत बसलो. चित्रपट त्यांनी तरीही बंद खोलीत टाकला. तू श्रेयनामावलीतून नाव काढून घेतलंस, मग देशच सोडलास.

इथवर लिहिलं म्हणजे मी मोठा सज्जन दिसतो. दोब्रिलानं वाचलं आणि म्हणाली, "हे एवढंच पाठवणार असशील तर पाठवू नकोस."

म्हणून उरलेलंही लिहितो. ती गुरुवारी आली. मी मंगळवारीच कात्री हातात घेतली होती. मला आतून कळलं होतं की या वाक्यानं आपण सगळे बुडणार. घरी दोब्रिलाला सहावा महिना होता. मी फीत कापायच्या खुणेवर आणून ठेवली होती आणि हात धजत नव्हता. मग ती बाई आली, आणि माझ्या भीतीला चांगलं कारण मिळालं. तिनं सांगितलं नसतं तर मी कापलं असतं का? तेहेतीस वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारतोय. उत्तर एक दिवस 'नाही' येतं, दोन दिवस 'हो' येतं.

मिलोये अधिकारी झाला. मेजर. एक्याण्णवच्या युद्धात आघाडीवर गेला आणि परत आला नाही.

काल त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं: तू, स्वीडन, संग्रहालय, फीत. त्या ऐकत होत्या. (आधी कानात यंत्र बसवून दिलं, उजवा कान बरा आहे.) मग म्हणाल्या:

"ज्याच्यासाठी गप्प बसले तो गेला तेरा वर्षांपूर्वी. आता गप्प बसून कुणाला वाचवू?"

मी म्हणालो, "मग वाक्य परत लावू?"

"तसं मी म्हणाले का? तुम्ही दोघांनी फुलदाणीत यंत्र लपवलंत. मला विचारलंत?"

"नाही."

"नंतर तुम्ही ते काढलंत, ते मी सांगितलं म्हणून. आणि आता तो तिकडून ओरडतोय की परत लावा. त्यानं मला विचारलंय?"

"नाही."

"गरिबांची बाजू घेतो म्हणे. घेऊ दे. पण माझं तोंड आहे ते. उघडायचं तर मी उघडेन. त्याला म्हणावं, इथं ये, या खुर्चीवर बस आणि विचार. पत्र नको, फोन नको. पत्रात सगळेच चांगले असतात."

ग्वोज्देन, मला वाटतं त्या बरोबर आहेत, आणि मला वाटतं तुलाही तसंच वाटेल, पण चार दिवसांनी. आधी तू आदळआपट करशील. कर.

मला मात्र एक कबूल करायचंय. त्या 'हो' म्हणतील की 'नाही', याची मला आता फारशी पर्वा नाही. तू येशील का, एवढीच आहे.

ओब्राद


क्राल्येवो, २९ ऑगस्ट २००४

प्रिय ग्वोज्देन,

तीन महिने तू गप्प. जूनमध्ये बेकरीच्या दारावरचा तुझा फोटो पावसानं फिका झाला, तेव्हा दोब्रिला म्हणाली, "आता खरंच गेला असेल." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आणि काल तार आल्यासारखं तुझं पत्र: "अकरा सप्टेंबर. बसनं. डॉक्टर विमान नको म्हणतो. काय नेऊ?"

सांगतो. केक नेऊ नकोस. फुलं तर अजिबात नको, त्यांना फुलदाणी आठवेल. कॉफी ने, दोन पाकिटं, आणि साखर. जुने कपडे घाल. सप्टेंबर म्हणजे मिरच्या भाजायचे दिवस. आलेल्या माणसाला त्या रिकामा बसू देत नाहीत. बस आल्यावर मी फलाटावर असेन. तू मला ओळखणार नाहीस, मी जाड झालोय. मी तुला पावलांवरून ओळखेन. तू उजवा पाय जरा ओढतोस, आणि असं ओढतोस की जणू जमिनीवर उपकार करतोयस.

त्या बाईंशी वाद घालू नकोस. इथल्या मंत्र्यांशी घातलास, स्वीडिश डॉक्टरांशी घालतोयस, पुरे. आणि विचारायचं म्हणजे खरंच विचारायचं. त्या 'नाही' म्हणाल्या तर ते 'नाही'.

विदोसावाशी मी बोललोय. म्हणजे ती बोलली. मी पत्रकाबद्दल माफी मागायला गेलो होतो. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तुझी खोली झाडून ठेवलीय.

ओब्राद


क्राल्येवो, १९ ऑक्टोबर २००४

प्रिय ग्वोज्देन,

तुला डॉक्टरांनी चारच दिवस दिले होते, तू सहा राहिलास, आता तिथं बोलणी खात असशील. म्हणून परवाच्या कार्यक्रमाचं सगळं लिहितो, आणि सोबत फीत पाठवतो.

आधी तुला माहीत नसलेली गोष्ट. त्या दिवशी तू त्यांच्या अंगणात बसून तीन तास मिरच्या सोलत होतास, हात कोपरापर्यंत लाल, आणि त्या तुला म्हणत होत्या, "बिया राहिल्यात. परत." मग त्या माझ्याकडे वळल्या: "तुमचे कान मला माहीत आहेत. कुंपणाबाहेर जा." मी कुंपणाबाहेर गेलो. तिथूनही ऐकू येत होतं. म्हणून रस्त्यापर्यंत खाली उतरलो, ट्रकांच्या आवाजात जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा ऐकू येऊ नये म्हणून चाललो. तेव्हा तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही आणि तू सांगूही नकोस.

तू हात धुवायला नळावर गेलास तेव्हा मी परत आलो. त्यांना विचारलं, "काय झालं?"

म्हणाल्या, "विचारलं त्यानं. दोनदा विचारलं. पहिल्यांदा नीट जमलं नाही."

"आणि?"

"लावा. पण पहिल्यांदा इथं दाखवायचा. बेलग्रेड नंतर. आणि नाव लिहा माझं. आडनावासकट."

बस सुटताना तू विचारलंस, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" बसचं दार लागलं म्हणून उत्तर राहिलं. हे घे: तू विचारलं नव्हतंस. तू ओरडला होतास.

आता परवाचं. सभागृह तुला आठवतं त्यापेक्षा लहान आहे. अर्ध्या भागात आता रासबेरीचं शीतगृह, त्यामुळे सगळे कोट घालून बसले होते. साठ-पासष्ट माणसं, बहुतेक म्हातारी. तरुण मंडळी सगळी तुझ्याकडच्या देशांत. नळाला पाणी ब्याऐंशी साली आलं. इस्क्रानं चित्रपट दाखवायचं यंत्र आणलं होतं, आवाजाकडे मी बसलो. पहिल्या पाटीवर त्यांचं नाव आलं, स्तामेना राकोच, तुझं त्यानंतर. कुणीतरी म्हणालं, "बघा, स्तामेना आता तारका झाली." त्या म्हणाल्या, "गप्प बस, तुझे वडील दिसणार आहेत, त्यांना बघ." आणि खरंच दिसले. मग सगळं सभागृह माणसं ओळखत बसलं. "हा आमचा दिमित्रिये." "ही बघ, दात होते तेव्हा." आपण त्याला समाजावरची टीका म्हणत होतो. त्यांच्यासाठी तो घरचा अल्बम निघाला. रागावू नकोस, मला वाटतं ते जास्त आहे, कमी नाही.

मग पुढारी बोलले. टाळ्या. दारापाशी ती, चव्वेचाळीस वर्षांची, डोक्याला रुमाल. शेजारणीकडे झुकली.

सोबतची फीत त्या क्षणाची आहे. मी सभागृहात मधोमध मायक्रोफोन ठेवला होता. या खेपेला टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, आणि आधी सांगून. चांगले हेडफोन लाव, खिडकी बंद कर, नर्सला बाहेर पाठव.

आधी चित्रपटातला आवाज येतो: "हात धुवायला पाणी नाही ना गं..." आणि लगेच, डाव्या बाजूनं, दुसरा आवाज. त्या स्वतःच्या बरोबरीनं बोलतायत. मोठ्यानं, पूर्ण. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. दोन्ही स्तामेना एकत्र. म्हातारी जरा मागे पडते, 'धूळ' या शब्दापाशी. तरुण तिच्यासाठी थांबत नाही. मग हसू. उजवीकडचं खरखरतं हसू बेकरीवाल्याच्या भावाचं आहे, तो इथं राहतो. मागचं किनरं इस्क्राचं. टाळ्या ऐकू येतील असं तुला वाटेल. नाही येणार, कुणी वाजवल्या नाहीत. सगळे हसत होते आणि त्यांच्याकडे वळून बघत होते.

हसू ओसरतं तिथं, मायक्रोफोनच्या अगदी जवळ, कुणीतरी नाकातून श्वास ओढल्यासारखा आवाज आहे. लांबलचक, ओला, वाईट. फितीचा दोष नाही तो. मायक्रोफोनशेजारी मी बसलो होतो.

काल सकाळी फीत साफ करताना तो कापून टाकावा म्हणून खूण केली. चांगल्या कामात असला आवाज कुणी ठेवत नाही, हे तूच मला शिकवलंस.

ठेवलाय.

तुझा बंधू,
ओब्राद